पाणपोईचे पाणी आणि तळ्याचे पाणी

गेल्या उन्हाळ्यात परभणीतल्या एका सेवाभावी क्लबचे पदाधिकारी माझ्या ऑफिसात आले होते. माणसे ओळखीची आणि सज्जन. एक डॉक्टर, एक कापडाचे व्यापारी, एक बांधकाम व्यावसायिक. क्लबतर्फे मोतीबिंदू तपासणी, शाळकरी मुलींना सायकली आणि वह्यावाटप असा एकत्रित कार्यक्रम ठरला होता. चहा झाला आणि अध्यक्षांनी मुद्द्याला हात घातला. "वकीलसाहेब, तुमच्या वस्तीतले पन्नासेक लाभार्थी मिळवून द्या. तुमचा शब्द तिथं चालतो." मी म्हणालो, "लाभार्थी पन्नास देतो. सभासद किती घेता?" सगळे हसले. मी विनोद केला असे त्यांना वाटले. मी हसलो नाही, तेव्हा डॉक्टर जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "आमच्याकडे कुणी कुणाची जात विचारत नाही, साहेब."

ते खरेच बोलत होते. त्यांच्या क्लबात जात विचारली जात नाही, कारण विचारायची वेळच येत नाही. बैठक ज्या हॉटेलात होते, तिथल्या एका जेवणाचा खर्च आमच्या वस्तीतल्या बाईच्या दिवसभराच्या खुरपणीइतका असतो. सभासदाचे नाव सुचवतो तो आधीचा सभासद, आणि तो सुचवतो आपल्या ओळखीतल्या माणसाला. ओळख होते शेजारात, नात्यात, व्यापारात. आमची वस्ती त्यांच्या शेजारात नाही, नात्यात नाही, व्यापारात नाही. मग जात विचारायची गरज काय?

वाचकहो, या लेखाचा हेतू कुणाच्या चांगल्या कामाला नख लावण्याचा नाही. रोटरी, लायन्स यांच्यासारखे क्लब आज जिल्ह्याच्या गावाबरोबर तालुक्यांतूनही परिचयाचे झाले आहेत. नेत्र तपासणी, रक्तदान, वृक्षारोपण, पाणपोई, शिक्षक दिनाचा सत्कार, गरजू मुलांना गणवेश ही त्यांची वर्षभराची कामे. ज्या म्हातारीला दोन वर्षे भिंत धरून चालावे लागत होते, तिला शिबिरातल्या शस्त्रक्रियेनंतर नातवाचे तोंड दिसले, तिच्यापुढे कोणताही सिद्धांत मांडायची माझी छाती नाही. प्रश्न वेगळा आहे. ही सेवा घेणारा माणूस सेवेच्या आधी जिथे उभा होता, तिथेच नंतरही उभा राहणार असेल, तर या उपक्रमांनी समाजात नेमके काय बदलते?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी चौथीत होतो. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे ते दिवस. आमच्या गावच्या शाळेत शहरातून एक संस्था वह्या वाटायला आली होती. तिचे नाव मी घेणार नाही, ते आता महत्त्वाचेही नाही. गुरुजींनी हाक दिली, "मागासवर्गीय मुले या बाजूला." आम्ही अकरा जण उठलो. बाकीचा वर्ग बसून बघत राहिला. प्रत्येकाच्या हातात सहा वह्या दिल्या, वह्या छातीशी धरायला सांगितल्या आणि फोटो काढला. पुढे कुणीतरी तो छापलेला फोटो गावात आणला. माझी आई दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची, तिला वाचता येत नव्हते. तिने फोटोकडे बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, "वह्या वापर बाबा, पण ह्ये कुणाला दावू नगं." त्या निरक्षर बाईला जे कळले, ते आजही अनेक पदवीधरांना कळत नाही.

पुढे मी कॉलेजात गेलो तो भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि ती त्यांच्या पाठपुराव्याचे फळ होती. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नसत. खिडकीवरचा कारकून खेकसायचा. तिथे कुणी हार घातला नाही की फोटो काढला नाही. पण त्या खिडकीवर मी मान वर करून उभा राहायचो. पैसे आले नाहीत तर अर्ज करता येत होता, मोर्चा काढता येत होता, कोर्टात जाता येत होता. वह्या मिळाल्या नसत्या तर मी कुणाकडे दाद मागणार होतो? सेवा आणि हक्क ओळखायची माझी कसोटी तेव्हापासून एकच आहे. मिळाले नाही तर तक्रार करता येते का? येत असेल तर तो हक्क. येत नसेल तर ती मेहेरबानी, मग तिचे वेष्टन कितीही सुंदर असो.

आता उन्हाळ्यातल्या पाणपोईचेच घ्या. रांजणावर ओला कपडा, वर क्लबचा फलक, उद्घाटनाला फीत. तहानलेल्याला पाणी मिळते, चांगलेच आहे. पण पाण्याचा इतिहास आपल्याइतका कुणाला माहीत आहे? जोतिराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो स्वतःच्या जातीचा रोष पत्करून. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन त्या तळ्यावर गेले. त्या माणसांना त्या दिवशी महाडमध्ये पाण्याची अडचण पडली म्हणून ते तळ्यावर गेले नव्हते. एखाद्या दयाळू सावकाराने तळ्याच्या काठावर अस्पृश्यांसाठी वेगळी पाणपोई घातली असती, तर तहान भागली असती आणि सत्याग्रह निरर्थक ठरला असता काय? मुळीच नाही. तळ्यावर इतर माणसांप्रमाणे आपल्या हाताने पाणी घ्यायचे होते. त्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. तळे सार्वजनिक नाही असे म्हणणाऱ्या स्पृश्यांचा दावा उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी तो निकालात निघाला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली. पण ती ओंजळ कुणी दिलेली नव्हती, म्हणून ती कुणाला परतही घेता येत नाही.

हा भेद बाबासाहेबांनी अगदी स्पष्ट शब्दांत एका सेवाभावी संस्थेलाच लिहून कळवला होता. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी जी अखिल भारतीय संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिचे सरचिटणीस ठक्करबाप्पा यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की दलितांच्या उन्नतीचे दोन मार्ग मानले जातात. एक मार्ग समजतो की माणूस दुःखात आहे तो त्याच्या स्वतःच्या उणिवांमुळे. म्हणून त्याला व्यसनमुक्ती, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा द्या, तो सुधारेल. दुसरा मार्ग समजतो की दोष परिस्थितीचा आहे. तेव्हा ती परिस्थिती बदला. बाबासाहेबांनी संस्थेला दुसरा मार्ग धरायला सांगितले. विहिरी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरील नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा, नोकरी-धंद्यात समान संधी मिळवून द्या, आपल्या घरात अस्पृश्यांना येऊ द्या, आणि हे काम करायला अस्पृश्यांतलेच कार्यकर्ते घ्या. या पत्राची दखल घेतली गेली नाही. पुढे संस्थेच्या कारभारात अस्पृश्यांना घ्या अशी मागणी झाली, तेव्हा हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, कारभार त्यांचाच असला पाहिजे, असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था, तेच संस्थेबाहेर. नव्वद वर्षांनंतर माझ्या ऑफिसात बसलेल्या सज्जनांना मी जो प्रश्न विचारला, तो जुनाच होता. फक्त हसण्याची रीत नवी होती.

गंमत अशी की, या क्लबांचा स्वतःचा इतिहास त्यांच्या आजच्या कार्यक्रमपत्रिकेपेक्षा पुष्कळ धीट आहे. रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने केली. पहिल्या चौघांत तो स्वतः, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी होता. आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी जमायचे म्हणून नाव रोटरी. या मंडळींनी १९०७ साली पहिले सार्वजनिक काम हाती घेतले ते कोणते? वह्यावाटप नव्हे. शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह असावे म्हणून त्यांनी इतर नागरी संस्थांना बरोबर घेऊन महापालिकेकडे आग्रह धरला. दारूच्या गुत्त्यांच्या आणि मोठ्या दुकानांच्या मालकांनी विरोध केला. आमच्याकडे शौचालये आहेतच, लोकांनी ती वापरावीत, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे लघवीला जायचे तर आधी गिऱ्हाईक व्हा! क्लबने ते मानले नाही. रस्त्यावरच्या कुणालाही, काहीही विकत न घेता, ही सोय मिळाली पाहिजे असा तो आग्रह होता आणि तो महापालिकेने पूर्ण करायचा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर रोटरीचे पहिले काम हे एक नागरी हक्काचे आंदोलन होते.

पोलिओचेही तसेच. रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ घालवण्याचा संकल्प सोडला, कोट्यवधी रुपये उभे केले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. सेवाभावी क्लबांच्या कामातला हा सर्वांत मोठा विजय आहे आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण हा विजय कसा मिळाला? पन्नास लाभार्थी निवडून नव्हे. तांड्यावर, बौद्धवाड्यात, ऊसतोड मजुरांच्या कोपींवर, रेल्वेच्या डब्यात, प्रत्येक मुलाच्या तोंडात दोन थेंब गेले म्हणून. अंगणवाडी सेविका आणि आशाताई उन्हातान्हात दारोदार फिरल्या म्हणून. एकही मूल सुटले तर मोहीम फसते, हे सर्वांना ठाऊक होते. तिथे दाता नव्हता, लाभार्थी नव्हता, होते फक्त मूल. हेच तत्त्व इतर कामांना का लावू नये?

उदाहरणार्थ स्वच्छता. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पांढऱ्या टोप्या घालून, नवे झाडू हातात धरून फोटो निघतात. मला प्रत्येक वेळी सोनपेठ तालुका आठवतो. मे २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या या तालुक्यात भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. माणसाकडून मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंबद्दल दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. कायदा आहे, निकाल आहे, आणि तरी माणूस टाकीत उतरतो. शिकागोच्या त्या पहिल्या कामाची आठवण ठेवणाऱ्या क्लबने जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेला एवढेच विचारावे, की तुमच्याकडे मैला उपसण्याचे यंत्र आहे का, आणि माणूस उतरवणाऱ्यावर तुम्ही गुन्हा नोंदवता का? या एका प्रश्नात हजार झाडूंची ताकद आहे.

डोळ्यांच्या शिबिरांबद्दल वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे १९८६ साली एका सेवाभावी क्लबने भरवलेल्या शिबिरात शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन ८४ जणांच्या डोळ्यांची दृष्टी गेली. क्लबचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ साली न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येक पीडिताला आधीच्या मदतीखेरीज साडेबारा हजार रुपये देण्यास सांगितले. त्यातून मी घेतलेला धडा असा, की सेवा फुकट असली म्हणून माणसाचा डोळा स्वस्त होत नाही. शिवाय अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सेवाभावी संस्थांनी केलेल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांसाठी त्यातून ठराविक अनुदान मिळू शकते. अशा वेळी शिबिराच्या बॅनरवर दात्यांचे फोटो असतात, पण त्या खर्चात तुमच्या-माझ्या करातला पैसाही असू शकतो, हे त्या म्हातारीला कोण सांगणार? ती हात जोडून उपकार मानत घरी जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेप्रमाणे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. हे किती शिबिरांत माइकवरून सांगितले जाते? परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यासाठी याच शहरातली माणसे आधी रस्त्यावर उतरली होती. शंभर शिबिरांनी जे होत नाही ते एका मागणीने होते.

आता सभासदत्वाकडे येऊ. प्रत्येक व्यवसायातला एक प्रतिनिधी क्लबात असावा, ही रोटरीची मूळ कल्पना. कल्पना सुंदर आहे. पण आपल्या देशात व्यवसाय म्हणजे काय ते बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले आहे. इथे कामाबरोबर काम करणारेही जन्मानेच वाटून टाकलेले आहेत. म्हणून डॉक्टर, वकील, अडत्या, बिल्डर, सराफ असे व्यवसाय क्लबला दिसतात. सालगडी, सफाई कामगार, वीटभट्टीवरचा मजूर, बँडवाला, घरकाम करणारी बाई हे त्याच गावातले व्यवसाय दिसत नाहीत. पहिल्या चौघांत शिंपी होता हे कुणाला आठवत नाही.

बदल होणारच नाही असे मात्र नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातील दुआर्ते गावच्या रोटरी क्लबने तीन स्त्रियांना सभासद केले. तेव्हा स्त्रियांना रोटरीत प्रवेश नव्हता. आंतरराष्ट्रीय संघटनेने क्लबची सनद काढून घेतली. त्या लहानशा क्लबने माघार न घेता कोर्टाची पायरी चढली आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आम्ही खाजगी मंडळी आहोत, कुणाला घ्यायचे ते आमचे आम्ही बघू, हा बचाव टिकला नाही. १९८९ साली रोटरीने आपला नियमच बदलला आणि पुढे स्त्रिया अध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या. ज्या संस्थेने अर्ध्या मानवजातीसाठी दार उघडले, तिला आमच्या वस्तीसाठी ते उघडता येणार नाही, असे मी का मानू?

आणखी एक अवघड गोष्ट. रोटरीत सत्य, सर्वांना न्याय, सद्भाव आणि सर्वांचे हित अशा चार कसोट्या सांगतात. हर्बर्ट टेलर या उद्योजकाने त्या १९३२ साली तयार केल्या, म्हणजे बाबासाहेबांचे ते पत्र लिहिले गेले त्याच वर्षी. क्रम पाहा. सत्य आधी, न्याय त्यानंतर, सद्भाव तिसरा. आपल्या गावात हा क्रम उलटा होतो. सद्भाव बिघडू नये म्हणून सत्य बोलायचे नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार आणि धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. त्या दिवसांत कोणी काय केले याचा हिशेब मी इथे मांडत नाही. एवढेच विचारतो, की आमच्या वस्तीत वह्या घेऊन येणारा माणूस आमच्या वस्तीत पोलीस शिरतात त्या दिवशी आमच्या शेजारी उभा राहणार का? 'आम्ही राजकारणात पडत नाही' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. कोठडीतला मृत्यू हे राजकारण नाही, पहिल्या आणि दुसऱ्या कसोटीचा तो प्रश्न आहे.

आपल्या परंपरेत सेवा कशाला म्हणतात? विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तिथे गेले, पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर निजवले. आपण कथा इथेच थांबवतो आणि डोळे पुसतो. पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. तथागतांनी संघ जमवला, कारण विचारले आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या आचार्याने करावी, शिष्याने करावी, सोबत्याने करावी, कुणीच नसेल तर ती संघाची जबाबदारी, आणि ती टाळणे हा दोष. एका दिवसाची करुणा त्यांनी कायद्यात आणली. पुढच्या आजाऱ्याला बुद्ध येण्याची वाट पाहावी लागणार नव्हती. मी वकील आहे म्हणून असेल, पण मला त्या पाण्याच्या भांड्याइतकाच तो नियमही महाकारुणिक वाटतो.

हे सगळे दुसऱ्यांना सांगताना आपल्या घरात डोकावले नाही तर आपणही अर्धेच सत्य बोललो. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिने सोलापुरात वसतिगृह चालवले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, तरुण जुगार-दारूकडे वळू नयेत म्हणून हॉकीचा क्लबसुद्धा काढला. म्हणजे सेवा आपणही करत होतो, पण ती आपली आपण, मान वर ठेवून, आणि सोबत संघर्ष चालू ठेवून. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले म्हणून मराठवाड्यातल्या खेड्यांतली आपली पहिली पिढी पदवीधर झाली. आज काय चित्र आहे? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि विहारातल्या वाचनालयाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसते. १४ एप्रिलला आपले तरुण रक्तदान करतात त्याचा मला अभिमान आहे, कारण त्या बाटलीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते. पण वर्षाचे उरलेले दिवस? शिकून नोकरीला लागलेले आपलेच लोक वसाहतीत बंगले बांधून वस्तीची वाट विसरले. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली आणि त्याच वर्षी दीक्षेच्या वेळी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या म्हणून सांगितले. तो विसावा हिस्सा आपण दिला असता, तर आपल्या मुलांना वह्या छातीशी धरून फोटोला उभे राहावे लागले असते काय?

म्हणून माझे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. क्लबच्या मित्रांनी शिबिरे जरूर भरवावीत, पण घेणाऱ्याचा चेहरा छापू नये. प्रत्येक शिबिरात औषधाच्या टेबलाशेजारी हक्काचे टेबल ठेवावे. तिथे रेशनकार्ड, जातीचा दाखला, संजय गांधी निराधार योजना, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा यांचे अर्ज भरून द्यावेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, बालके आणि अपंग यांना मोफत वकील मिळतो, हे मोठ्या अक्षरात लावावे. वर्षाचा जमाखर्च मराठीत लिहून चौकात टांगावा. आणि आशाताई, सफाई कामगार, शेतमजूर बाई यांना वर्गणीची अट शिथिल करून सभासद करावे, सत्काराला न बोलावता निर्णयाला बोलवावे. आपल्या लोकांनी मिळेल ती मदत लाचारी न करता घ्यावी, तिचा हिशेब विचारावा आणि विहाराचे कुलूप काढावे.

त्या दिवशी पदाधिकाऱ्यांना मी हेच सांगितले. वह्यांचे फोटो निघणार नाहीत आणि हक्काचे टेबल माझे, या दोन अटींवर मी वस्तीला कळवले. डॉक्टरांनी दोन्ही मान्य केल्या. शिबिराच्या दिवशी आम्ही तीन वकील आणि विहारातली चार मुले टेबल टाकून बसलो. डोळे तपासायला आलेल्यांतल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांकडे निराधार योजनेचा अर्ज करण्याइतपत कागद होते आणि त्यांना कुणी ते सांगितलेच नव्हते. दुपारी डॉक्टर स्वतः आमच्या टेबलावर येऊन बसले आणि वयाचे दाखले लिहून देऊ लागले. जेवणाच्या वेळी त्यांनी विचारले, "सभासदांचं तुम्ही खरंच बोलत होता का?" मी म्हणालो, "खरंच बोलत होतो." ते म्हणाले, "मग पुढच्या बैठकीत विषय ठेवतो."

विषय अजून त्यांच्या पत्रिकेवर आलेला नाही. मी दर महिन्याला फोन करून विचारतो. तक्रार करता येते, एवढा हक्क तरी मी मिळवला आहे. जयभीम.